आत गेलेला गोवर

आमच्या घरात नवी सून आली की तिला एक गोष्ट सांगितली जाते. घरात कुणाला गोवर किंवा कांजिण्या आल्या असतील तर फोडणी द्यायची नाही. एका सुनेनं दिली, तर तिचा दोन वर्षांचा मुलगा गेला. त्याचा गोवर बाहेर आलाच नाही, आत गेला, छातीत उतरला. गोष्ट एवढीच आहे. सांगताना सुनेचं नाव घेत नाहीत, 'एक होती' म्हणतात. पण ती कोण हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती माझी वहिनी, थोरल्या भावाची पहिली बायको.

ही गोष्ट जशी सांगितली जाते तशी घडलेली नाही. कशी घडली ते वहिनीला ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं. ती बोलली नाही, कारण तिचं कुणी ऐकलं नसतं. माझं सगळ्यांनी ऐकलं असतं, आणि मी बोललो नाही.

सत्तरच्या दशकाचा मध्य असेल. मी महाडच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होतो. नोकरी नवीन होती. आमची वस्ती पोलादपूरच्या अलीकडे, हमरस्त्याच्या फाट्यावर एसटीतून उतरून ओढा ओलांडला की टेकाडावर. भाऊ मुंबईला गिरणीत होता. घरी आई, वहिनी आणि तिची दोन मुलं. मुलगी सहा वर्षांची, मुलगा दोनचा. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी दुपारच्या गाडीनं घरी यायचो. भाऊ नसताना घरातला पुरुष मीच, आणि वर शिकलेला. मी म्हणेन ते व्हायचं.

वडिलांच्या पिढीनं धर्म बदलला होता. आमच्या घरातला देव्हारा मी शाळकरी असतानाच गेला होता. त्याच्या जागी बुद्धाची तसबीर होती. आईनं ते सगळं मनापासून केलं होतं, उपास सोडले होते, नवस सोडले होते. पण गोवर आला की ती जुनीच व्हायची. देवीचं नाव मात्र काढायची नाही. 'पावणी आलीय' म्हणायची. दाराला कडुनिंबाचा डहाळा लावायची, आजारी पोराला फणी लावू द्यायची नाही, आणि पावणी न्हाऊन जाईपर्यंत घरात तळण नाही, फोडणी नाही. तेलात लसूण पडली की पावणीला ठसका लागतो, ती रागावते, अंगावर उमलायची ती उलटी फिरून आत जाते.

तेव्हा वस्तीत गोवराची साथ होती. आमच्या मुलीला आला होता. कानामागून सुरू झाला, मग तोंडावर, छातीवर, पायांपर्यंत लाल पुरळ. मी त्या शनिवारी घरी पोचलो तेव्हा तिचा ताप उतरला होता, पुरळ काळपट पडत चालला होता आणि ती अंथरुणावर बसून भुकेची कुरकुर करत होती. धाकटा वहिनीच्या काखेत होता. थंडीत त्याला डांग्या खोकल्यानं पार पिळून काढलं होतं. पोट पुढं, हातपाय काड्या, केस तांबूस. त्याचं नाक तेवढं वाहत होतं.

आई पाण्यावर गेली होती. चुलीवर डाळ शिजत होती.

"वहिनी, फोडणी घाला की त्या डाळीला. आठवडाभर खाणावळीचं पाणचट खाऊन कंटाळलोय."

"पावणी हाय ना घरात, भावजी."

"कसली पावणी? तुम्हीसुद्धा? एवढी दीक्षा घेतली, देव बुडवले, आणि एका लसणीला घाबरता?"

ती हसली. "मी नाय घाबरत. आई घाबरतात, आणि मी आईंना घाबरते."

"मी आहे ना."

"येवदेत त्यांना. इचारून घालते."

"आईला काय विचारायचं? मी सांगतोय. कुणीतरी घरात सुरुवात करायला नको का?"

हे मी जसं घडलं तसं लिहितो आहे. मला भूक लागली होती हे खरं, पण भुकेपेक्षा मला ती फोडणी पडायला हवी होती. वस्तीच्या कडेचा शेंदूर फासलेला दगड हलवण्यावरून त्याच महिन्यात माझी म्हाताऱ्यांशी वादावादी झाली होती. बाहेर मी हरलो होतो, घरात मला जिंकायचं होतं.

मी तांब्या घेऊन घरामागं आंघोळीच्या दगडावर गेलो. फोडणी लपवता येत नाही. आधी तेल तापल्याचा वास, मग लसूण, आणि मग डाळ ओतल्याचा चर्र आवाज, तो तर शेजारच्या तीन घरांत जातो. तेवढ्यात आई हंडा घेऊन अंगणात आली.

"कोणी दिलान फोडणी? कसला वास सुटलाय गो? डोस्कं फिरलं काय तुजा?"

वहिनीचा आवाज आला नाही.

"पोर अजून न्हाली नाय माझी! जिभेला एवढी धार आलीय तुज्या? दोन दिस कळ निघंना?"

मी डोक्यावर पाणी ओतत राहिलो. गार पाणी, एकेक तांब्या, सावकाश. आईला सांगायचं म्हणून मनात जे भाषण तयार केलं होतं ते तिथंच राहिलं. मी आत आलो तेव्हा आई चुलीकडं पाठ करून बसली होती. वहिनीनं मला वाढलं. डाळीवर लसणीचे तांबूस तुकडे तरंगत होते. मी जेवलो. कशाला उगाच तंटा, आईचा राग उद्यापर्यंत जाईल, असा विचार केला.

दुसऱ्या दिवशी धाकट्याला ताप भरला. डोळे लाल, सारखा खोकला. आईनं त्याला उघडा करून उजेडात धरलं, कानामागं पाहिलं, पाठ पाहिली. अंग कोरं होतं.

"पावणी आत चाललीय याची," ती म्हणाली, आणि वहिनीकडं पाहिलं.

सोमवारी पहाटे मी निघालो तेव्हा वहिनी मुलाला खांद्यावर टाकून फाट्यापर्यंत आली.

"भावजी, पोलादपूरला नेऊ का दवाखान्यात? श्वास जड वाटतोय मला."

मी त्याच्या अंगावरचं झबलं वर केलं. माझ्या शाळेच्या पुस्तकात गोवराची लक्षणं दिली होती, मी ती मुलांकडून पाठ करून घ्यायचो. ताप, खोकला, डोळे लाल, आणि अंगावर पुरळ.

"पुरळ कुठाय? पुरळ नाही म्हणजे गोवर नाही. साधा पडसं-ताप आहे. आईच्या नादाला लागू नका. दवाखान्यात नेऊ नका, गरम ठेवा, पेज द्या."

"तुमी म्हणता तर बरं," ती म्हणाली. तिचा चेहरा खरंच मोकळा झाला. फोडणीचा दोष तिच्यावरून उतरत होता ना. गोवरच नाही तर तो आत जाईल कुठून? गाडी आली, मी चढलो. ती त्याला घेऊन परत गेली.

पुढच्या शनिवारी मी ओढा ओलांडतच होतो तेव्हा वस्तीतला एकजण समोरून धावत येताना भेटला. घरी पोचून पाहिलं तर मुलाच्या बरगड्यांमधली कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. नाकपुड्या फुलत होत्या. ओठांचा रंग गेला होता. मी त्याला घेतलं, वहिनी मागून अनवाणी. हमरस्त्यावर एका ट्रकवाल्यानं बसवलं आणि महाडला आणून सोडलं. तिथल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून तपासलं आणि विचारलं, "घरात गोवर आहे का कुणाला?"

"बहिणीला होता," वहिनी म्हणाली.

"पण याला पुरळ नाही डॉक्टर," मी म्हणालो. "एकही नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं, काहीतरी बोलणार होते, पण मग नर्सला हाक मारून सुईची तयारी करायला सांगितली. मूल संध्याकाळी गेलं. शेवटी त्याच्यात रडायचंही बळ नव्हतं. श्वास तेवढा चालला होता, तो थांबला.

भाऊ मुंबईहून आला. तिसऱ्या दिवशी भावकीतली माणसं ओटीवर बसली. आई मध्येच हंबरडा फोडत होती आणि मध्येच सांगत होती, "मी नको म्हटला होता. पावणी घरात असताना फोडणी घातलान. माझ्या पोराचा गोवर आत धाडलान."

भावानं वहिनीला विचारलं, "घातलीस?"

"घातली."

"का?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही. एखादी वस्तू जागेवर आहे का हे पाहावं तेवढंच. मी उंबऱ्याकडं बघत होतो.

"चुकला माझा," ती म्हणाली.

मी त्या वेळी गप्प का बसलो याची कारणं मी नंतर पुष्कळ तयार केली. त्यातलं एक बरीच वर्षं माझ्या कामाला आलं. मी जर म्हटलं असतं की फोडणी मी घालायला लावली, तर वस्तीतल्या म्हाताऱ्यांना आयता पुरावा मिळाला असता. बघा, मास्तरनं नेम मोडला आणि घरातलं पोर गेलं. मग तो दगड कायमचा तिथंच राहिला असता. मी विचार वाचवला, असं मी स्वतःला सांगत असे. विचार वाचला की नाही ते माहीत नाही. मला ओटीवरच्या माणसांची भीती वाटली, हे खरं कारण. आणि त्याहून एक खोल कारण होतं. फोडणीचं बोलायला तोंड उघडलं असतं तर फाट्यावरचं बोलणंही निघालं असतं. दवाखान्यात नेऊ नका, असं मी म्हटलं होतं.

वहिनीला माहेरी पोचवण्यात आलं. पोचवायला मीच गेलो, कारण भाऊ तिच्याबरोबर चालायला तयार नव्हता. मुलगी आईनं ठेवून घेतली. "एक खाल्लान, दुसरा नाय देणार," असं ती म्हणाली. वर्षभरानं भावानं दुसरं लग्न केलं.

पुढं ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर गोवराची लस गावोगावी द्यायचं ठरलं. पालकांना समजावून सांगायला शिक्षक हवेत म्हणून आम्हाला महाडला एका शाळेच्या सभागृहात बोलावलं. शेजारी बसलेला आमच्या शाळेतला चित्रकलेचा शिक्षक म्हणाला, "गुरुजी, मी भज्यांसाठी आलोय. तुम्ही लिहून घ्या, मला नंतर सांगा." सांगायला मुंबईहून एक बालरोगतज्ज्ञ बाई आल्या होत्या. पन्नाशीच्या, सुती साडी, आवाज जरा घोगरा. खडू घेऊन त्यांनी फळ्यावर छातीचं चित्र काढलं आणि शंका विचारा म्हणाल्या.

लोकांनी विचारलं की लस दुखते का, ताप येतो का. मी हात वर केला.

"पुरळ आलाच नाही, तर तो गोवर असू शकतो का?"

"का विचारताय?"

"असंच. आमच्याकडं म्हाताऱ्या म्हणतात, गोवर आत गेला."

सभागृहात हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हाताऱ्यांनी पाहिलेलं बरोबर आहे. त्याचं कारण मात्र त्या चुकीचं सांगतात."

आणि मग त्यांनी सांगितलं ते मी तेव्हा कागदावर उतरवलं नाही, पण विसरलोही नाही. गोवराचा विषाणू श्वासावाटे येतो आणि थेट पेशींच्या आत शिरतो. रक्तात जी प्रतिद्रव्यं फिरतात ती त्याला बाहेर असतानाच गाठू शकतात. एकदा तो पेशीच्या आत शिरला की ती दाराबाहेरच राहतात. आत शिरलेल्याला हुडकायचं काम पांढऱ्या पेशींतल्या एका जातीचं, टी पेशींचं.

"पण बाहेरून त्यांना कळतं कसं, आत कोण आहे ते?" मी विचारलं.

"तुम्ही कोकणातले ना? शेजारच्या दारात माशाची खवलं पडलेली दिसली की आत काय शिजतंय हे विचारावं लागतं का?"

आता सगळेच हसले, भजीवाला मित्र सगळ्यांत मोठ्यानं.

"तसंच. प्रत्येक पेशी आत जे काही तयार होतं त्याचे बारीक तुकडे आपल्या दाराशी मांडून ठेवते. टी पेशी दारोदार फिरून ते तुकडे हुंगते. आपल्या घरचे असले तर पुढं जाते. परके असले, विषाणूचे असले, तर ती त्या पेशीलाच मारून टाकते. घरच गेलं की आतला विषाणू वाढणार कुठं? फुप्फुसात असंच चालतं. आणि ही मारामारी भारी पडू शकते बरं का, फुप्फुस सुजतं, पाणी भरतं. पण ती झालीच नाही तर विषाणू या पेशीतून त्या पेशीत पसरत जातो. शेजारशेजारच्या पेशी एकमेकींत विरघळून मोठाले गोळे होतात. मूल श्वासाला महाग होतं."

"आणि पुरळ?"

"पुरळ म्हणजे रोग नव्हे. कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्यांपाशी टी पेशी पोचल्या, तिथं विषाणू धरलेल्या पेशींवर तुटून पडल्या, त्याची ती लाली. पुरळ उमलला म्हणजे फौज आली. ज्या मुलांत प्रतिद्रव्यं तयार होत नाहीत, पण टी पेशी चांगल्या असतात, अशांना गोवर येतो, पुरळ येतो आणि ती बरी होतात. ज्यांच्यात टी पेशीच कमी, त्यांच्या अंगावर काही उमटत नाही. आणि तीच मुलं छातीनं जातात."

"टी पेशी कमी कशानं होतात?"

"काहींच्या जन्मतःच. काहींच्या उपासमारीनं. छातीत, हृदयाच्या वर एक ग्रंथी असते, तिथं या पेशी तयार होऊन शिकून बाहेर पडतात. मूल खंगलं की ती ग्रंथी सुकते. त्यात आधी डांग्या खोकला वगैरे होऊन गेला असेल तर विचारूच नका." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "कुणाचं मूल?"

"भावाचं."

"मी न पाहिलेल्या मुलाबद्दल छातीठोक सांगणार नाही. पण घरात गोवर, याला खोकला, ताप, डोळे लाल, आणि पुरळ नाही, तर मी त्याला गोवर धरूनच त्याच दिवशी दवाखान्यात ठेवलं असतं."

"मध्ये काही खाण्यातलं... तळण, फोडणी?"

"फोडणीचा काय संबंध? विषाणू अंगात शिरल्यावर ताप यायला आठ-दहा दिवस लागतात. तो आधीच आत होता."

म्हणजे शनिवारी डाळीवर लसूण पडली तेव्हा तो मुलगा वहिनीच्या काखेत नाक ओढत होता आणि विषाणू त्याच्या छातीत होता. फोडणी निर्दोष होती. आईचं म्हणणं अर्धं खरं होतं, तो गोवरच होता आणि तो आतच होता. पूर्ण चुकलेला त्या घरात एकच होता. पुरळ नाही म्हणजे गोवर नाही.

मी वहिनीला भेटायला गेलो. तिचं माहेर पोलादपूरच्या पलीकडं, घाटाच्या पायथ्याशी. ती रस्त्याच्या कामावर खडी वाहत होती. डोक्यावरचं घमेलं उतरवून सावलीत येऊन बसली, पदरानं मान पुसली.

"भावजी, बारीक झालात."

मी तिला सगळं सांगितलं, खवलांसकट. मध्येच ती म्हणाली, "म्हंजे तो पुरळ म्हंजे..."

"आतल्या पेशी झुंजत असतात. त्याची खूण."

ती बराच वेळ पायाजवळची खडी हातानं बाजूला करत राहिली.

"पोरीच्या अंगात झुंजायला होते. त्याच्या अंगात कोण नव्हता."

"नव्हतं."

"दूध आटला होता माझा. पेजेवर होता तो." मग म्हणाली, "आनि फोडणीनं कायबी झाला नाय?"

"काही नाही. आणि दवाखान्यात नेऊ नका असं मी..."

"ते ठाऊक हाय मला. ते कशाला सांगता?" ती उठली, चुंबळ डोक्यावर ठेवली. "माझ्या पोरीला सांगा. तुमच्या घरात हाय ती. तिला सांगा की तुज्या आईनं नाय मारला. आणखी मला काय नको."

"सांगतो," मी म्हणालो.

मुलगी तेव्हा माझ्याकडं महाडला शिकत होती, दहावीला होती. माझी बायको तिला मुलीसारखं वागवायची. मी एक दिवस तिला बसवून टी पेशी समजावल्या. तिला विज्ञानाची गोडी होती. खवलांचं ऐकून हसली.

"म्हणजे फोडणीनं गोवर आत जात नाही काका?"

"नाही."

"पण आजी नको म्हणत होती ना? घरात पोर आजारी, आजी नको म्हणते, आणि हिला फोडणीची डाळ खायचीय. त्यानं काही झालं नाही हे वेगळं. पण तिला वाटत तर होतं ना, की होईल म्हणून? तरी घातली."

यावर एकच उत्तर होतं. तिनं मागितली नव्हती, मी मागितली होती. ती खाल्लीही मीच. वहिनी त्या दिवशी जेवलीच नव्हती. हे माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. मुलगी माझ्याकडं बघत होती, ज्या विश्वासानं ती माझ्याकडून गणितं समजावून घ्यायची त्याच विश्वासानं. घरात मी एकटाच तिचा माणूस होतो. मी म्हटलं, "जाऊ दे, तुझा अभ्यास राहिलाय."

पुढं तिचं लग्न झालं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आई वर्षभरापूर्वी गेली होती, म्हणून वहिनीला बोलावणं धाडता आलं, तेही मीच धाडलं. ती नवं लुगडं नेसून आली आणि मांडवाच्या मागच्या बांबूपाशी उभी राहिली. भाऊ आणि त्याची दुसरी बायको पुढं होते. मुलगी सगळ्यांच्या पाया पडत फिरली. वहिनीपाशी आली, थांबली, हात जोडले आणि पुढं गेली. पाया पडली नाही. वहिनीचा हात तिच्या डोक्याकडं जायला अर्धा उठला होता, तो तिनं बांबूवर ठेवला.

मी तिला स्टँडवर सोडायला गेलो. गाडी लागली होती.

"सांगितलात नाय," ती म्हणाली.

"सांगणार आहे."

"आता ती सासरला गेली भावजी. आता सासरचे इचारतील, तुजी आई कशी. ती काय सांगेल?"

ती खिडकीशी बसली. पुन्हा तिनं मला कधी विचारलं नाही.

त्यानंतर किती वर्षं गेली ते लिहायला मला लाज वाटते. भाऊ गेला. माझी बायको गेली. मुलगी महाडलाच दिली होती, तिच्याकडं मी सणावाराला जेवायला जातो. मध्यंतरी तिच्या नातवाला कांजिण्या आल्या होत्या. मी त्याला बघायला गेलो होतो. स्वयंपाकघरात तिची सून कढईत तेल तापवत होती. मुलीनं पुढं होऊन गॅस बंद केला.

"अगं, फोडणी नको. पोर बरं होईपर्यंत नको."

"आई, डॉक्टरांनी तसं काही सांगितलं नाही हो," सून म्हणाली. ती नर्सिंग शिकलेली आहे.

"मलाही कळतं, फोडणीनं काही होत नाही. काकांनीच शिकवलंय मला. पण एका आईनं पोरापेक्षा जीभ मोठी केली होती, ती माझी होती. म्हणून माझ्या घरात नको."

तिला हे बोलताना काही वाटलं नाही, इतक्या वेळा बोलून झालं होतं. सून माझ्याकडं बघून हसली, म्हाताऱ्यांचं असंच, अशा अर्थानं. मी खुर्चीवरून उठलो. उभं राहूनच सांगितलं. पाण्यावर गेलेली आई, आंघोळीचा दगड, फाट्यावर वर केलेलं झबलं, ओटीवरची माणसं, सगळं. सूनही ऐकत होती.

शेवटी मुलीनं एकच विचारलं. "माझ्या लग्नाआधी हे आईला ठाऊक होतं? तुम्ही मला सांगणार आहात, हे?"

"हो."

"म्हणजे मांडवात ती त्याचीच वाट बघत उभी होती."

मी मान हलवली. ती आत गेली, साडी बदलून आली, पर्स घेतली आणि माझ्यासमोरून बाहेर पडली. सुनेला सांगितलं, "मी पोलादपूरला जाते. रात्री येणार नाही."

वहिनी अजून आहे. माहेरच्याच घरात, पुतण्यांबरोबर. ऐकू कमी येतं, डोळ्यांनी भागतं.

मुलगी काही दिवसांनी माझ्याकडं आली. आत आली नाही, दारातच उभी राहिली. मी तिला सांगितलं की हे सगळं मी लिहून छापायचं म्हणतो आहे, घरातल्या सगळ्यांनी वाचावं, ती गोष्ट पुन्हा कुणी सुनांना सांगू नये.

"छापा. पण आईचं नाव नको. तुमचंही नको. घरातल्यांना कळेल."

"बरं."

"आई विचारत होती, भावजींनी आपणहून सांगितलान, की तू खोदून काढलंस. मी म्हटलं, आपणहून."

"आणि?"

"ओरडून सांगावं लागलं, तिला ऐकू येत नाही. मग रडली थोडी. मला जवळ बसवून केस विंचरलेन माझे, पांढरे झालेत म्हणाली."

मी वाट पाहत होतो. तिच्या ते लक्षात आलं.

"तुमच्याबद्दल काही म्हणाली नाही काका," ती म्हणाली, आणि जिना उतरू लागली.